सोया मेणबत्तीची वात: सुरुवातीला कडं सोडते, शेवटी काच तापवते. नंबर कसा ठरवायचा?

अनवट

नमस्कार. घरी सोया वॅक्सच्या मेणबत्त्या करते. मेण, सुगंध, ओतायचं तापमान हे सगळं आता हातात बसलंय, पण वातीपाशी येऊन गाडी अडली आहे. आधी माझी मापं देते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

जार सरळ भिंतींचा, काचेचा. आतला व्यास ७.५ सें.मी., मेणाची उंची साधारण ८ सें.मी. मेण जारसाठीचंच सोया, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. रंग नाही. सुगंध मेणाच्या वजनाच्या ८ टक्के. सुगंध दोन आहेत, एक लॅव्हेंडर आणि एक व्हॅनिला. वाती ईको मालिकेतल्या, मेण चढवलेल्या.

लॅव्हेंडरमध्ये ईको १०: ४ तास जळल्यावरही वितळलेल्या मेणाचं तळं काठाला लागत नाही. चहूबाजूंनी ६-७ मि.मी.चं कडं उरतं. ज्योत मात्र शांत, काजळी अजिबात नाही.

लॅव्हेंडरमध्ये ईको १४: दोन तासांत तळं काठाला. वरचा अर्धा जार जळेपर्यंत बघत राहावं इतकी छान. पण मेण खाली गेलं की ज्योत उंच होते, नाचायला लागते, काचेला आतून काळं बसतं, वातीच्या टोकावर काळा गोळा धरतो आणि जार हातात धरवत नाही.

व्हॅनिलात ईको १०: ज्योत सुरुवातीला बरी असते, मग बारीक होत जाते. तळं ४ सें.मी.च्या पुढे सरकतच नाही. मेण तेच, जार तोच, वातही तीच. फक्त सुगंध वेगळा.

वात विकणाऱ्यांच्या तक्त्यात ७.५ सें.मी.साठी ईको १० ते १४ एवढी पट्टी दिली आहे. म्हणजे दोन्ही टोकं मला दिसली आणि दोन्ही पटली नाहीत. मधली १२ घेऊन मोकळं व्हावं का? की ईको सोडून सीडी मालिकेकडे जावं? आणि एकच नंबर दोन्ही सुगंधांना चालेल अशी आशा धरावी की नाही?

शिवाय एक पसरट वाडगं आहे, आतून ११ सें.मी. त्याला दोन वाती लावायचा विचार आहे. पण ते नंतर, आधी हा जार.

चकमक

अनवट, माझा नियम साधा आहे. पहिल्या जळण्यात तळं काठाला लागलंच पाहिजे. मेणाला पहिल्या तळ्याची सवय लागते, नंतर ते त्याच मापात खाली जातं आणि मध्ये बोगदा पडतो. ईको १० इथेच नापास झाली. १४ ठेवा, वात दर वेळी कापा, काळा गोळा येणार नाही. जार गरम होतो तर खाली लाकडाची चकती द्या.

काचघर

चकमक, बोगद्याची भीती खरी आहे, पण या जारसाठी तुमचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी विकण्यासाठी सोयाच्याच मेणबत्त्या करते, आणि सगळ्यात जास्त वेळ मी वातीलाच देते.

जार भरलेला असताना ज्योत तोंडाजवळ असते. वर मोकळी हवा, उष्णता सरळ निघून जाते. काचेच्या वाट्याला तिचा थोडाच भाग येतो. मेण निम्म्यावर आलं की तीच ज्योत काचेच्या भिंतींच्या आत उतरते. उष्णता कोंडते, भिंत तापते, आणि तापलेली भिंत बाजूचं मेण वितळवायला मदत करते. म्हणजे वात बदललेली नसताना तिचा जोर वाढल्यासारखं होतं. शिवाय ज्योतीला लागणारी ताजी हवा त्याच तोंडातून खाली यायची आणि जळलेली गरम हवा तिथूनच वर जायची. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून ज्योत नाचते आणि काजळी धरते. ईको १४ बद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातलं एकेक लक्षण याच कारणाने आलेलं आहे. वात कापून ते कमी होईल, जाणार नाही.

जी वात वरच्या भागात दोन तासांत काठाला पोचते, ती खालच्या भागात नक्की जास्त होते. म्हणून मी वात नेहमी जारच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागासाठी निवडते, आणि वरच्या भागात ती थोडी कमी पडली तर पडू देते.

वर राहिलेलं कडं कुठे जातं? सोया मऊ मेण आहे. जारसाठीची बरीचशी सोया मेणं ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. खालून भिंत तापली की काचेला चिकटलेलं कडं आपोआप सुटून खाली येतं आणि जळून जातं. तुमचं ६-७ मि.मी.चं कडं पहिल्या जळण्यानंतरचं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या जळण्यात ते अरुंद होतंय का, एवढंच बघा. होत असेल तर ईको १० ला हात लावू नका.

बोगदा वेगळा दिसतो. त्यात भिंतीलगतचं मेण कडक आणि जाड राहतं, दर वेळी तेवढंच किंवा आधीपेक्षा जास्त. ज्योत खड्ड्यात उतरत जाते, छोटी होते आणि शेवटी स्वतःच्याच तळ्यात बुडते. तुमच्या व्हॅनिलात हे घडतंय. लॅव्हेंडरमध्ये नाही.

आता चाचणी. एकाच वेळी वितळवलेल्या, एकाच सुगंधाच्या मेणाचे तीन जार भरायचे. तक्त्यातली वात, तिच्याखालची आणि तिच्यावरची. बदल फक्त वातीचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय कशामुळे झालं ते कळत नाही. भरल्यावर दोन आठवडे हात लावायचा नाही. सोया ओतल्यानंतरही बरेच दिवस आत घट्ट होत असतं, दुसऱ्या दिवशी जाळलेला जार वेगळंच काहीतरी सांगतो.

मग वारा नसलेल्या जागी ठेवून वात ६ मि.मी.ला कापायची, ४ तास जाळायचं, विझवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा कापायची, पुन्हा जाळायचं. शेवटी तळाशी १२ मि.मी. मेण उरेपर्यंत. त्याच्या खाली जाळू नये, कारण मग उष्णता सरळ काचेच्या बुडाला लागते. दर वेळी तळ्याचा व्यास, तळ्याची खोली, ज्योतीची उंची, काळा गोळा आहे का, काचेला काळं आहे का आणि काचेचं बाहेरून तापमान, एवढं लिहून ठेवायचं. तळ्याची खोली ४ तासांनी ६ ते १२ मि.मी.च्या आत असावी. त्याहून खोल तळं म्हणजे वात मोठी, मग बाकी सगळं कितीही देखणं असो.

तापमानाबाबत मी अजिबात सैल नाही. भिंतीला बाहेरून ६० अंश ही माझी वरची मर्यादा. त्यापुढे गेली की वात बाद. जार कोणीतरी जळता असताना उचलणारच, असं धरून चालायचं. खाली लाकडी चकती दिल्याने टेबल वाचतं. हात वाचत नाही आणि काचही वाचत नाही.

सगळा जार जळून खालपर्यंत यायला फार वेळ जातो, म्हणून मी आधी एक छोटी चाचणी करते. जार फक्त एक-तृतीयांश भरायचा, वात तेवढीच आखूड लावायची आणि जाळायचा. शेवटच्या भागात काय होणार ते ४ तासांत दिसतं. ज्या वाती इथेच काच तापवतात त्यांचे भरलेले जार करायची गरजच उरत नाही. मात्र जी पास होईल तिची पूर्ण चाचणी तरीही करायची, कारण भरलेल्या जारमधली वात खाली येईपर्यंत कित्येक तास सुगंधाचं तेल ओढून बसलेली असते, छोट्या चाचणीत ती कोरी असते.

मालिका आत्ता बदलू नका. ईको आणि सीडी दोन्ही सपाट विणीच्या, सुती धाग्याबरोबर कागदाचे बारीक तंतू असलेल्या वाती आहेत आणि सोयात दोन्ही चालतात. पण ईको १० आणि सीडी १० हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. ते त्या त्या मालिकेपुरते आहेत. मालिका बदलली की सगळी मोजणी पहिल्यापासून.

आणि व्यास आतून मोजलात हे बरं केलंत. बरेच जण जार किती मिलिलिटरचा त्यावरून वात विचारतात. तेवढंच मेण उंच-अरुंद जारमध्येही मावतं आणि बुटक्या-रुंद जारमध्येही, पण दोघांना एक वात चालत नाही. खाली निमुळता होणारा जार असेल तर मी तोंडाचा व्यास बघतच नाही, खालच्या तिसऱ्या भागाचा बघते.

चकमक

काचघर, बहुतेक पॅराफिनच करत आलोय, त्यात पहिल्या तळ्याचा नियम मला कायम उपयोगी पडला. सोयात कडं नंतर सुटून येतं हा मुद्दा पटला. एक विचारतो, एक-तृतीयांश भरलेल्या जारमध्ये वात मध्यावर उभी कशी ठेवता? वरून आधाराची पट्टी फार लांब पडते.

काचघर

पट्टी जारच्या तोंडावरच ठेवायची. वात पूर्ण लांबीची लावून पट्टीतून ताणून घ्यायची, मेण घट्ट झालं की ६ मि.मी.वर कापायची. खालची पत्र्याची चकती नीट मध्ये चिकटवली असेल तर अडचण येत नाही. मध्यावर असणं महत्त्वाचंच, कारण वात ५ मि.मी. जरी सरकली तरी एका बाजूची काच जास्त तापते आणि मोजमाप फसवं येतं.

परीक्षानळी

व्हॅनिलाच्या प्रश्नावर लिहितो. रसायनशास्त्र शिकवणं हे माझं काम आहे आणि मेणबत्ती हा वर्गात दाखवायचा माझा आवडता प्रयोग.

ज्योतीत मेण घन किंवा द्रव रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत हे दाखवलं होतं. ज्योतीच्या आतल्या काळसर भागात काचेची वाकडी नळी धरायची, वाफ नळीतून बाहेर येते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवता येते. वातीचं काम एवढंच की वितळलेलं मेण धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर चढवायचं आणि वाफ होईल अशा गरम जागी नेऊन पोचवायचं. किती मेण चढेल हे फटींवर अवलंबून आहे आणि तितकंच त्या द्रवावरही.

आता तुमचे दोन सुगंध. लॅव्हेंडरच्या वासात मुख्य वाटा लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट यांचा. पहिलं साधारण १९८ अंशांना उकळतं, दुसरं २२० च्या आसपास. दोन्ही खोलीच्या तापमानाला पातळ, मेणात सहज मिसळणारी. व्हॅनिलाच्या वासामागचं व्हॅनिलिन हे मुळात पांढरं स्फटिक. ८१ ते ८३ अंशांना वितळतं, २८५ अंशांना उकळतं आणि मेणासारख्या तेलकट पदार्थात नाराजीनेच विरघळतं. असा पदार्थ वातीत चढला की चटकन वाफ होऊन जात नाही. टोकाशी साचतो, करपतो, फटी बुजवतो. मेणाचा पुरवठा कमी, म्हणून ज्योत लहान. ज्योत लहान, म्हणून तळं लहान. ईको १० व्हॅनिलात का गुदमरते त्याचं उत्तर हे. पांढरं मेण काही दिवसांनी पिवळट-तपकिरी होत असेल तर तेही व्हॅनिलिनमुळेच.

तेव्हा दोन्ही सुगंधांना एक नंबर ही आशा मी सोडून देईन. व्हॅनिलाला एक पायरी वरची वात द्यावी. किंवा वात तीच ठेवून सुगंध ८ वरून ६ टक्क्यांवर आणून बघावा. माझं मत दुसऱ्या उपायाकडे झुकतं, कारण व्हॅनिलाचा वास तसाही भारदस्त असतो.

काळ्या गोळ्याचंही थोडं. ज्योतीचा पिवळा उजेड हा कार्बनच्या तापून चकाकणाऱ्या कणांचा असतो. हे कण ज्योतीच्या बाहेरच्या थरात, जिथे हवा भरपूर मिळते तिथे जळून जायला हवेत. मेण जास्त चढलं आणि हवा कमी पडली की ते न जळता सुटतात. सुटले की काजळी, वातीवर बसले की गोळा. म्हणून गोळा दिसला की पहिला संशय वात मोठी असल्याचा घ्यावा, आणि मग सुगंध जड असल्याचा.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. पूर्वीच्या मेणबत्त्यांची वात नुसती पीळ दिलेली असायची. ती ज्योतीच्या मधोमध सरळ उभी राहायची, तिथे हवा नसल्याने टोक जळायचं नाही आणि थोड्या थोड्या वेळाने कात्रीने खुडावं लागायचं. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. विणीच्या ताणाने ती जळताना एका अंगाला वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या थरात जातं आणि स्वतःच जळून जातं. सोबत बोरॅक्ससारख्या क्षारांत भिजवलं की राखही मागे फार राहत नाही. आज तुम्ही वापरता त्या ईको, सीडी, एचटीपी, एलएक्स सगळ्या वाती या वाकण्याच्याच करामतीवर चालतात. जळताना वात किंचित एका बाजूला कलली तर ती सरळ करत बसू नका.

तिन्हीसांजा

मध्येच विचारते, चालेल ना? माझ्याकडे दोन प्रकारच्या वाती पडून आहेत. एक, आत धातूची बारीक तार असलेली. दुसरी, घरी कापसाची वळलेली, तेलाच्या दिव्यात लावतो तशी. यांतली कोणती सोयाला लावता येईल?

परीक्षानळी

तारेच्या वातीत तार कसली आहे ते आधी बघा. पूर्वी शिशाची तार घालत. जळताना शिसं हवेत जातं, म्हणून अमेरिकेत २००३ मध्ये अशा वातींवर बंदी आली. आता बहुधा जस्त असतं. वातीच्या टोकाची तार मोकळी करून पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं असू शकतं, ती वात टाकून द्या. रेघ उमटली नाही तर धोका नाही, पण जस्ताच्या वाती तुलनेने थंड जळतात. दाट सोयात त्या बहुतेक वेळा कमी पडतात.

कापसाची वळलेली वात लावू नका. दिव्यात तेल आधीच पातळ असतं आणि वात काठाला टेकून पडलेली असते. मेणबत्तीत वातीला स्वतःचं इंधन आधी वितळवावं लागतं, वितळलेल्या मेणात न पडता उभं राहावं लागतं आणि टोक जळून कमी होत जावं लागतं. वळलेल्या कापसाकडून यातलं एकही नीट होत नाही.

अनवट

सगळ्यांचे मनापासून आभार. काचघर, तुमची एक-तृतीयांश चाचणी लगेच करता आली, कारण दोन आठवडे मुरलेलं लॅव्हेंडरचं मेण एका भांड्यात होतं, तेच हलकं वितळवून तीन जारमध्ये ओतलं. ४ तासांनी भिंतीचं बाहेरून तापमान:

ईको ८: ४९ अंश. तळं काठाला लागलं नाही, ज्योत शेवटच्या तासात बुडायला आली.
ईको १०: ५६ अंश. तळं काठाला, खोली ९ मि.मी. गोळा नाही.
ईको १२: ६४ अंश. तळं १४ मि.मी. खोल, छोटा गोळा.

मी ज्या १२ वर डोळे मिटून जाणार होते तिने मर्यादा ओलांडली. लॅव्हेंडरला १० ठरली असं समजू ना? आणि आधीच मुरलेलं मेण पुन्हा वितळवलं, त्याने या आकड्यांत फरक पडतो का?

व्हॅनिलाचे जार आज भरले. एकात ८ टक्के आणि ईको १२, दुसऱ्यात ६ टक्के आणि ईको १०. ते दोन आठवड्यांनी.

आणि आता वाडग्याबद्दल विचारते. आतून ११ सें.मी., उंची ५ सें.मी., सरळ भिंती.

काचघर

लॅव्हेंडरला १०, हो. पूर्ण भरलेला जार शेवटपर्यंत जाळून झाला की पक्की. पुन्हा वितळवल्याने मुरण्याचं काम पहिल्यापासून सुरू होतं आणि थोडा सुगंधही उडतो, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा. पण १० आणि १२ मधला ८ अंशांचा फरक एवढ्याने पुसला जाणार नाही.

व्हॅनिलाचे दोन्ही जार वेगळ्या वातीचे आणि वेगळ्या टक्क्यांचे आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना करायला जाऊ नका. प्रत्येक जार स्वतःच्या पायावर पास होतो की नाही एवढंच बघा. दोन्ही पास झाले तर मी ६ टक्केवाला घेईन. परीक्षानळींचं म्हणणं मला अनुभवाने पटतं, लहान वातीवर चालणारी मेणबत्ती जास्त शांत जळते.

वाडग्याला दोन वाती लागतील. ९-१० सें.मी.च्या पुढे एका वातीने काठ गाठायचा म्हणजे मधोमध फार मोठी ज्योत लागते, ती मला नको असते. दोन वाती एकमेकींपासून ४ सें.मी. आणि बाजूच्या भिंतीपासून प्रत्येकी ३.५ सें.मी., असं मांडून सुरुवात करा. नंबरासाठी तक्त्यात ११ सें.मी. बघायचं नाही. निम्मं, म्हणजे ५.५ सें.मी.ला जी वात दिली असेल ती घ्या आणि तिच्याखालचीही एक मागवा. दोन ज्योती शेजारी असल्या की एकमेकींना तापवतात, त्यामुळे बऱ्याचदा खालचीच बरोबर बसते.

जाळताना लक्ष दोन वातींच्या मधल्या जागेवर ठेवा. दोन्ही तळी तासा-दीड तासात मध्ये मिळायला हवीत. मिळाली, पण मध्ये खोली भिंतीजवळच्या दुप्पट झाली, तर वाती जवळ आहेत, ४.५ सें.मी. करून बघा. मिळालीच नाहीत तर नंबर वाढवायच्या आधी अर्धा सेंटिमीटर जवळ आणा. दोन्ही वाती कायम एकाच उंचीला कापायच्या आणि दोन्ही एकदम पेटवायच्या. एकच पेटवली तर त्या बाजूला खड्डा होतो आणि नंतर तो भरून निघत नाही. हे मी वेष्टनावर ठळक लिहिते.

५ सें.मी. उंचीचं वाडगं आहे, म्हणजे ज्योत भिंतींच्या आत फार खोल जाणार नाही. तुमच्या जारपेक्षा हे काम सोपं जाईल.

चकमक

वाडग्याला लाकडी वात चालेल का? एकच, रुंद.

काचघर

चालते, पण मी सोयात ती सोपी मानत नाही. लाकडाची पट्टी आडवी पसरते, ज्योत बुटकी आणि रुंद येते. तिला ३ ते ५ मि.मी.हून उंच ठेवलं तर नीट पेटत नाही, आणि फार आखूड केलं तर मेण वर येऊन विझते. तळं गोल न येता लांबट येतं, म्हणून गोल वाडग्यात पट्टीच्या दोन बाजूंना कडं राहू शकतं. करायचीच असेल तर सुती वातीचा एक नीट चाललेला जार हाताशी ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

अनवट, आणखी एक. मेणाची नवी गोणी उघडली की, विकणारा तोच असला तरी, ईको १० चा एक जार एक-तृतीयांश भरून जाळून बघत जा. सोया शेतातल्या पिकापासून येतं, एका खेपेचं मेण दुसऱ्या खेपेसारखंच वागेल असं नसतं. आणि व्हॅनिलाचे जार खालच्या भागात पोचले की दोन्हींचं काचेचं तापमान इथे लिहा. ८ टक्के आणि ईको १२ हे ६० च्या किती जवळ जातंय ते मलाही बघायचंय.